हाडांची ओळ

अमरावती
६ मार्च १९६१

भाऊ,

जयभीम. तुले माहा जयभीम चालत नसल तं वयनीले देऊन टाक, वाया जाऊ देऊ नको.

तीन वर्सं तू माह्याशी बोलला नाई, अन् मीबी पत्र टाकलं नाई. आजबी टाकलं नसतं. नोकरीच्या फारमावर मी 'हिंदू महार' लिहिलं म्हणून तू मले उंबरठ्याबाहेर काढलं. त्या वक्ती आपल्या नव्या धर्माले सवलत नव्हती, अन् सवलत नाई तं नोकरी नाई. मी लिहिलं, अन् उद्या तीच येळ आली तं पुन्हा लिहीन. त्याच्यावर भांडायचं असल तं समोरासमोर भांडू, मी काई तोंडाची गरीब नाई. पण हे पत्र भांडणाचं नाई. मले भेव लागून राह्यलं म्हणून लिहिते. शुद्ध लिहिलं तं तू म्हणशील, ललिता बामणीण झाली. म्हणून घरच्यासारखंच लिहिते.

आधी माहं काम सांगते, नाई तं भेव कायचं ते तुले समजणार नाई. आमची कचेरी अमरावती-अकोल्याच्या साऱ्या धंद्यांचा एक मोठा तक्ता करून राह्यली. साहेब त्याले आदान-प्रदान तक्ता म्हणतात. आडव्या ओळीत एक धंदा कोणाकोणाले माल देते ते लिहायचं, उभ्या रकान्यात तो कोणाकोणापासून माल घेते ते लिहायचं. जिनाले कापूस लागते, कोळसा लागते, मजूर लागते. मजुराले ज्वारी लागते. ज्वारीवाल्याले बैल लागते, बैलाले ढेप लागते, अन् ढेप येते सरकीच्या घाण्यावरून. लुगड्याचा एक धागा ओढला का सारा पदर गोळा होते ना, तसं.

आमचे दामलेसाहेब पुण्याचे. माणूस वाईट नाई. ते म्हणतात, उद्या इथं नवा कारखाना आला तं कोणाकोणाच्या घरी किती काम जाईल, ते ह्या तक्त्यावरून आजच सांगता येते. कारखान्यानं माल मागितला, तो देणाऱ्यानं दुसऱ्याले मागितला, दुसऱ्यानं तिसऱ्याले. दर फेरीले आकडा लहान होत जाते अन् शेवटी साऱ्या फेऱ्यांची बेरीज निघते. ती बेरीज काढायले एक हँडल फिरवायचं यंत्र आहे. ते हँडल मी फिरवते.

आता ऐक. अकोल्याले हाडाचा कारखाना निघून राह्यला. हाडं दळून खत करणार, कातडं मद्रासकडं धाडणार. सरकार परवानगी देईल ती आमच्या तक्त्यावर पाहून. अन् तक्त्यात एक ओळ आहे, 'मृत जनावरे, हाडे व कातडी'. गावोगावचे महार दर साली किती ढोरं ओढतात, किती हाडं-कातडी काढून देतात, ते त्या ओळीत लिहिलेलं आहे. आपल्या गावचंबी आहे.

तू म्हणशील, छप्पन सालापासून आपल्या गावात कोणी ढोराच्या पायाले दोर बांधला नाई. मले माहीत आहे. मंग आकडा आला कोठून? मागच्या साली आमच्या कचेरीचा पाहणीवाला आपल्या गावी आला होता, आठवते? चावडीवर नत्थुजी पाटलानं त्याले सांगितलं, "हे काम महाराईचं." मंग तो वस्तीत आला, अन् तू त्याले म्हटलं, "असल्या प्रश्नाले आमी उत्तर देत नाई," अन् पाठ फिरवली. तुह्या गावचा कागद मी माह्या डोळ्यानं पाह्यला. त्या प्रश्नापुढच्या घरात काईच लिहिलेलं नाई. कोरं आहे.

तुले वाटलं, कोरं म्हणजे नकार. आमच्या कचेरीत कोरं म्हणजे 'माहिती मिळाली नाही'. अन् माहिती मिळाली नाई का तिथं दहा सालापूर्वीचा आकडा भरतात. तालुक्या-तालुक्यात आपल्या लोकाईनं हेच केलं. साऱ्याईनं मान ताठ ठेवून पाठ फिरवली, अन् साऱ्याईच्या कोऱ्या घरात जुना आकडा बसला. कागदावर सारं वऱ्हाड अजूनबी ढोरं ओढून राह्यलं, भाऊ. उद्या कारखाना हाच आकडा दाखवून हाडं मागल, मले भेव त्याचंच आहे.

तक्ता मे महिन्यात मुंबईले जाते. त्याच्या आत एक कागद पाठव. 'आमच्या गावात हे काम कोणी करत नाही', एवढंच, अन् खाली साऱ्याईच्या सह्या-अंगठे. कचेरीच्या नावानं पाठवजो, माह्या नावानं नको. मी तुही बहीण आहे हे इथं कोणाले माहीत नाई.

ललिता


अमरावती
२ एप्रिल १९६१

भाऊ,

तुहा कागद आला नाई. टपाल आलं का मी हेडक्लार्क वामनरावच्या टेबलाभोवती घिरट्या घालते. ते म्हणतात, "काय बाई, मनिऑर्डर येणार आहे काय?" मी हसते. हसू कायचं येते, जीव थाऱ्यावर नाई.

तुहा ताठा तुह्याजवळ ठेव, पण हे वाच. परवा कारखान्याचा शेटजी अन् त्याचा ठेकेदार कचेरीत आले होते. गावोगावची हाडं गोळा करायचा मक्ता ह्या ठेकेदाराले मिळणार आहे. साहेबाईनं त्याईले आपली ओळ दाखवली, अन् ते खुश होऊन बाहेर आले. मी ओसरीवर माठातलं पाणी घेत होती. शेटजी म्हणे, "कागदावर माल हाय, पन महार तं ढोराले हात लावत नाई म्हन्तात." ठेकेदार म्हणे, "एकदा सरकारी कागदावर आलं का मी पाटलाईले दाखवतो. काम नाई केलं तं वावरात मजुरी नाई, पान्याची वाट नाई. हिवरखेडाकडं एक देवमन हाय, त्याले आधी सरळ करू. तो वाकला का बाकीचे आपोआप वाकतात."

तुहं नाव त्याच्या तोंडून ऐकलं, अन् माह्या हातचा लोटा खाली पडला. ठेकेदारानंच उचलून दिला.

मी साहेबाकडं गेली. म्हटलं, "साहेब, ही हाडांची ओळ जुनी आहे."

ते म्हणाले, "जुनी आहे, खोटी नाही. प्रमाणं बदलत नाहीत असं धरूनच हा तक्ता उभा राहतो, ललिताबाई. काल शंभराच्या मालाला जेवढं लागलं तेवढंच उद्या लागेल. ते धरलं नाही तर पुढचं गणितच होणार नाही."

मी म्हटलं, "पण माणसं बदलली असली तं?"

"तर पुरावा हवा. आहे तुमच्याकडे?"

तुहा कागद असता तं तिथंच टेबलावर ठेवला असता. कागद नव्हता. मी म्हटलं, एका गावात पुन्हा माणूस पाठवा अन् पाहा. ते भले, लगेच कबूल झाले. कोणतं गाव, विचारलं, अन् मी आपल्याच गावचं नाव सांगितलं. दुसरं नाव तोंडात आलंच नाई. ह्या महिन्याच्या एकवीस तारखेले पाहणीवाला येईल. ह्या खेपेले पाठ फिरवू नको, तुह्या पाया पडते. तोंड उघड अन् नाई म्हण.

आणखी एक सांगायचं होतं, पण राहू दे. नाई, सांगते. वामनरावनं आमचं बोलणं ऐकलं. मंग कपाटाजवळ मले हळूच म्हणे, "बाई, तुमच्या फारमावर एक देव अन् घरच्या भिंतीवर दुसरा. मी अजून कोणाजवळ बोललो नाई बरं." त्या दिवसापासून मले घास गिळवत नाई. नोकरी गेली तं तुह्या दाराशी येता येणार नाई, हे तं मले ठाऊकच आहे.

ललिता


अकोला, जुने शहर
२० एप्रिल १९६१

भाऊ,

वयनीवर चिडू नको. मैनावयनी पोराईले घेऊन इथं तिच्या बहिणीकडं आली आहे, अन् मी कचेरीच्या कामानं अकोल्यात होती म्हणून तिले भेटली. मले पाहून ती रडली. तुही बायको रडणारी नाई, म्हणून मी तिले आधी खाली बसवलं.

तिनं सारं सांगितलं. नत्थुजी पाटलानं विहिरीची वाट काटे लावून बंद केली. वस्तीतल्या कोणालेच कामाले बोलावत नाई. अन् आज उजाडता त्याच्या सालदाराईनं मेलेला बैल गाडीवर घालून आणला अन् तुह्या दारात टाकला. कोतवाल बाजूले उभा. म्हणे, "ओढा." ठेकेदार चावडीवर चहा पीत बसला आहे.

बैल आजच काहून टाकला, ते तुले समजलं का? उद्या पाहणीवाला येते. त्याच्या डोळ्यासमोर तुमी ढोर ओढलं पाह्यजे. ओढलं का तो लिहून नेते, 'काम चालू आहे'. नाई ओढलं तं एप्रिलच्या उन्हात तो बैल तुह्या उंबऱ्यावर सडते, अन् आत तुमी. तारीख कचेरीतून फुटली आहे. माहा वहीम वामनरावावर आहे.

वयनी म्हणे, तुमी लोकं बैलाकडं पाहून गुमान बसले होते. बायका नाकाले पदर लावून. म्हातारी गोदाबाई म्हणे, एकदा ओढून टाका बाबू, उद्यापासून पुन्हा नाई ओढायचं. तू तिच्यावर ओरडला म्हणे.

भाऊ, मी तुले सांगते, ओढ. गोदाबाईचं ऐक. तुले लेकरं आहेत, ठेकेदारासंगं माणसं आहेत, पोलीसपाटील त्याचाच. आकडा राहिला तं राहिला. आकड्यानं माणूस मरत नाई. मी त्या ओळीचं पुढं काई तरी पाह्यते, पुढच्या साली पाह्यते. तू जित्ता राह्य. कोणी विचारलं तं म्हण, माह्या बहिणीनं सांगितलं म्हणून ओढला. माह्यावर घाल सारं.

वयनीच्या बहिणीचा नवरा आता गाडीनं निघून राह्यला, त्याच्या हाती हे पत्र देते. मी स्वतः आली असती. पण पाहणीवाला मले ओळखते, अन् मले तुह्या दारात पाह्यलं का साहेब म्हणतील, गाव हिनंच काहून निवडलं. हे खरं कारण आहे. अन् मले भेव लागते, हेबी खरं आहे.

ललिता


अमरावती
२७ एप्रिल १९६१

भाऊ,

पाहणीवाला आला. साहेबासमोर तो सांगत होता अन् मी बाजूले उभी राहून उगाच फाइली चाळत होती.

तो म्हणे, मी गेलो तं दारात बैल नव्हता. तिथंच जाग्यावर खड्डा करून पुरलेला, वर ताजी माती. त्याले वाटलं, कातडं काढून घेतलं असल. म्हणून त्यानं माती उकरायले लावली. बैल जसाच्या तसा, शिंगासकट, खुरासकट, कातड्याले कोठं सुरी लागलेली नाई, अन् वरून चुना ओतलेला. ठेकेदार म्हणे तिथंच कपाळाले हात लावून बसला, कातडं वाया गेलं म्हणून. साहेबानं विचारलं, "म्हणजे त्यांनी जनावर ओढलं की नाही?" पाहणीवाला म्हणे, "नाई साहेब. त्याईनं माती दिली."

मी फाइलीत तोंड घातलं.

मंग तो म्हणे, त्याईच्या पुढाऱ्याच्या डोक्याले फडकं बांधलं होतं, रगताचं. पण पुढारी उभा होता, अन् त्यानं स्वतः सांगितलं, "लिहून घ्या. आमी हे काम करत नाई, अन् करणार नाई." ह्या खेपेले तू बोलला. किती लागलं, कोणी मारलं, डॉक्टरले दाखवलं का, हे मले त्याले विचारता आलं नाई. कोण्या नात्यानं विचारू? तू तं लिहिणार नाई, वयनीले लिहायले सांग. दोन अक्षरं, बस.

तुले माहं मागचं पत्र मिळालं का नाई, ठाऊक नाई. मिळालं असल तं मनावर घेऊ नको. तू माह्यासारखा भेला नाई म्हणून बरं झालं.

काम संपलं नाई पण. ठेकेदारानं साहेबाले चिठ्ठी दिली की हा एका गावाचा हट्ट आहे, बाकी गावाईत माल निघते. एका गावापायी ओळ बदलत नाई. मे महिन्याच्या बारा तारखेले अकोल्याच्या जिल्हा कचेरीत बैठक आहे, तिथं ठरवणार. आकडे वाचून दाखवायले मले नेणार आहेत.

ललिता


अमरावती
१६ मे १९६१

भाऊ,

वयनीचं कार्ड आलं. टाके पडले पण ताप नाई, एवढं वाचलं अन् मी खूप दिवसानं पोटभर जेवली.

आता बैठकीचं सांगते, जसं झालं तसं. लांब टेबल. मोठे अधिकारी, शेटजी, ठेकेदार, आमचे साहेब, अन् भिंतीजवळ मी, मांडीवर कागद. मी आकडे वाचत गेली. हाडांची ओळ आली, तीबी वाचली. साहेब म्हणाले, "एका गावात ही माहिती चुकीची आढळली आहे. इतरत्र काय स्थिती आहे, सांगता येत नाही."

ठेकेदार म्हणे, "मी सांगतो ना साहेब. बाकी सारीकडं ओढतात."

मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं, "या विरुद्ध कोणाला काही माहिती आहे?"

वामनराव माह्या बाजूलेच बसला होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी उभी राह्यली. म्हटलं, "मला आहे. तेल्हाऱ्यात, अकोटात, वलगावात, कुठंच ओढत नाहीत. छप्पन सालापासून सोडलं. त्यांनी पाहणीवाल्याला उत्तर दिलं नाही, म्हणून कोऱ्या जागी जुना आकडा भरला. तो मीच भरला, कचेरीचा नियम होता."

"तुम्हाला कसं माहीत?"

म्हटलं, "मी ढोरं ओढणाऱ्याची नात आहे. अन् त्या गावात ज्याचं डोकं फुटलं, त्याची बहीण आहे."

मंग वामनराव खाकरला अन् म्हणे, "बाईच्या फारमावर तं हिंदू लिहिलेलं आहे, साहेब." मी म्हटलं, "लिहिलेलं आहे. ते बदलून घ्या." अन् खाली बसली.

खुलासा मागणारा कागद काल हातात आला. नोकरी राहील का जाईल, साहेबालेबी सांगता येत नाई. ते म्हणाले, "मी तुमच्या बाजूनं लिहीन." लिहितील, माणूस तसा आहे.

साहेबाईनं ते कोरे कागद बैठकीत दाखवले, अन् ओळ बदलली, भाऊ. साऱ्या तालुक्याईचा आकडा शून्य. मी माह्या हातानं खोडला अन् माह्या हातानं शून्य काढलं. मंग सारी बेरीज पुन्हा करायले बसली. मले वाटलं, हाडं नाई तं कारखाना नाई. यंत्र फिरवलं अन् पाह्यलं तं कारखाना होता तसाच. शेवटच्या रकान्यात, 'बाहेरून आयात' म्हणतात त्यात, तोच आकडा जाऊन बसला. मी साहेबाले दाखवलं. वाटलं, माही चूक झाली.

ते म्हणाले, "चूक नाही. मागणी मरत नसते, ललिताबाई. इथं नाही मिळालं तर ती दुसऱ्या दारी जाते. आपल्या तक्त्यात फक्त जिल्ह्याचा फायदा कमी होईल, कारखान्याचं काही अडत नाही."

"दुसरं दार कोणतं?"

त्याईनं नकाशावर बोट ठेवलं. सातपुड्यापलीकडं, निमाडात. खांडव्याकडून आता रेल्वेची सरळ लाईन झाली आहे, वाघिणी भरून हाडं अकोल्याले येतील. मक्ता त्याच ठेकेदाराले. आठ दिवसानं तो तिकडं जाणार, पाटलाईले भेटायले.

तिकडं ढोरं कोण ओढते, ते आमच्या तक्त्यात लिहिलेलं नाई. बाहेरच्याचं नाव लिहायचं नसते. त्याईले अजून कोणी विचारलं नाई, अन् ते कोणाले नाई म्हटले नाई. ठेकेदार पोहोचला का त्याईच्या दारातबी बैल येऊन पडतील.

काल रात्रीपासून माह्या डोकशात तेच आहे. तुह्यापायी मी हे केलं, अन् तुहं वझं उचलून मी भलत्याच्याच डोक्यावर ठेवलं. ते लोक कोण, कोणती भाषा बोलतात, मले काईच ठाऊक नाई.

छप्पन साली तू गावोगाव पायी फिरला होता. घरात पीठ नव्हतं अन् तू भाषणं देत फिरून राह्यला, म्हणून मी तुले शिव्या घातल्या होत्या. आता पुन्हा फीर. ठेकेदाराच्या आधी आपण पोहोचलो पाह्यजे. मी रजेचा अर्ज दिला. मंजूर होवो का न होवो, शनिवारी मी अकोल्याहून सकाळच्या खांडव्याच्या गाडीत बसते. गाडी हिवरखेडाले थांबते. तू फलाटावर असशील तं डब्यात ये. बोललं नाई तरी चालते, समोर बस. नसला तं मी एकटीच पुढं जाईन.

पण मले एकटीले लय भेव लागते, भाऊ.

ललिता